विंगेतला नाच

आमच्या धाराशिव जिल्ह्यात नाच न येणारा माणूस सापडणं अवघड आणि नाच शिकलेला माणूस सापडणं त्याहून अवघड. वरातीत हलगी कडाडली की कालपर्यंत कंबरदुखीचं रडगाणं गाणारे तलाठी भाऊसाहेब दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध येतात. नागीण डान्स सुरू झाला की वऱ्हाडात आपोआप दोन पक्ष पडतात. एक रुमालाची पुंगी करणाऱ्यांचा, दुसरा नवी कोरी पँट घालून डांबरावर लोळणाऱ्यांचा. याच मंडळींना 'नाच शिकता का' म्हणून विचारून बघा. श्वास घ्यायला शिकवणी लावता का असं विचारल्यासारखे तोंडाकडे बघत राहतील. नाच ही आमच्याकडे शिकायची गोष्टच नाही, तो अंगात यावा लागतो. आणि तुळजापूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे अंगात येण्याची आमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची सोय आहे.

शिकून केलेला नाच वर्षातून एकदाच दिसतो, तो शाळेच्या गॅदरिंगला. पूर्वी नाच बसवायचं काम शाळेतल्याच एखाद्या हौशी बाईंकडे असायचं. बाईंचा कोणताही नाच घ्या, एक ओळ पुढं, एक ओळ मागं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून कमळ. आता तालुक्याच्या गावातही कोरिओग्राफर पोचला आहे. तो लातूर नाहीतर सोलापूरहून मोटारसायकलवर येतो. केसांची एक बाजू रंगवलेली, खिशात पेन ड्राइव्ह. आठवडाभरात तो बालवाडीपासून दहावीपर्यंतचे सगळे नाच बसवून मोकळा होतो. त्याची शिकवायची भाषा इंग्रजी, तीही चार शब्दांची: वन, टू, थ्री, फोर. पुढं फाइव्ह-सिक्स-सेवन-एट आहे, पण तिथवर जाईपर्यंत पहिलीतली पोरं परत वनवर येऊन बसलेली असतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमात गंमत अशी होते, की स्टेजवरच्या सोळाच्या सोळा पोरांची तोंडं डावीकडे. समोर पाहुणे आहेत, संस्थेचे अध्यक्ष आहेत, मोबाइल उंच धरलेले पालक आहेत, पण एक पोरगं समोर बघेल तर शपथ. मी मुद्दाम अगदी उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसून, मान वाकडी करून डाव्या विंगेत डोकावलो. तिथं सर नाचत होते. आणि काय नाचत होते! घामानं डबडबलेले, ओठांवर गाणं, गिरकीत बिनचूक, चेहऱ्यावर भाव, आणि शेवटच्या ठेक्याला गुडघ्यावर बसून पसरलेले दोन्ही हात. त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला नाच त्या अंधाऱ्या चार फुटांत झाला. तो बघणारी सोळाच माणसं होती, आणि ती त्याची नक्कल करण्यात गुंतली होती.

तेव्हापासून नाच शिकवणाऱ्या माणसानं नेमकं कुठं उभं राहावं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. 

आता शहरात क्लासचे फ्लेक्सही लागतात. फ्लेक्सवर नावांची रांग: हिप-हॉप, फ्रीस्टाइल, बॉलीवूड, लावणी, झुंबा आणि 'कंटेम्पररी'. हे शेवटचं काय असतं म्हणून मी क्लासबाहेर थांबलेल्या एका पालकाला विचारलं. ते म्हणाले, "त्यात अनवाणी नाचायचं असतं, आणि मधूनमधून जमिनीवर पडायचं." टीव्हीवरच्या स्पर्धांमुळे ही व्याख्या महाराष्ट्रभर पक्की झाली असावी. पंच रडले की कंटेम्पररी, शिट्ट्या वाजल्या की लावणी. लावणीतलं सगळ्यात टिकाऊ गाणं म्हणजे २०१० सालच्या 'नटरंग'मधलं 'अप्सरा आली'. ते वाजलं नाही असं गॅदरिंग आमच्या पंचक्रोशीत अजून व्हायचं आहे. ते बसवलं फुलवा खामकर यांनी, आणि त्या मुळात जिम्नॅस्ट. राज्य सरकारचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार मिळवलेल्या. वडील 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाले लेखक अनिल बर्वे. म्हणजे घरात साहित्य, अंगात कसरत, आणि नाव झालं ते नाचानं. आपल्याकडे असं काही ऐकलं की वडीलधारी माणसं लगेच 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणून मोकळी होतात. वास्तविक आमच्या भागात मास्तर विम्याची पॉलिसी विकतो, सकाळी डेअरीला दूध घालतो, भूमकडचा असेल तर खव्याच्या भट्टीत त्याची भागी असते, आणि चार शेळ्या तर असतातच. पण तो संसार. कलेत मात्र माणसानं एकच खुंटा धरून बसावं अशी आमची अपेक्षा.

या म्हणीचा उलटा दाखला द्यायचा तर आधुनिक नर्तक अस्ताद देबू यांचं नाव घ्यावं लागेल. जन्म १३ जुलै १९४७चा, नवसारीचा. पारशी घर. लहानपणी प्रल्हाद दास यांच्याकडे कथ्थक. पुढं मुंबईत पोदार कॉलेजात कॉमर्स. इथपर्यंत सगळं कसं रीतसर, एखाद्या चांगल्या पारशी मुलाला बँकेत खुर्ची मिळावी असं. मग मरे लुईस या अमेरिकन नर्तकाच्या कंपनीचा प्रयोग मुंबईत त्यांनी पाहिला आणि कॉमर्सच्या हाती फक्त पदवी राहिली. १९६९ साली ते मुंबई बंदरातून एका मालवाहू जहाजावर चढले. सोबतीला शेळ्या-मेंढ्या. उतरले इराणच्या खोरमशहरला, आणि तिथून जो भेटेल त्याच्या गाडीला हात करत युरोपात पोचले.

शेळ्यांचा उल्लेख आला की आमच्याकडचा माणूस सावरून बसतो. उस्मानाबादी शेळी ही काळी, काटक, आणि एका वेताला दोन करडं देणारी म्हणून देशभर नावाजलेली. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, शेळीनं मात्र जुनंच ठेवलं. तिला गॅझेट पोचलं नसावं. जहाजावरच्या त्या शेळ्या आपल्याच असाव्यात आणि भारतातला आधुनिक नाच आपल्या जनावरांच्या संगतीनं परदेशी गेला असं छातीठोक लिहून टाकावं, असा मोह होतो. तो आवरतो. तसंही परदेशदौऱ्याचा मान आमच्याकडं आधीचाच आहे. आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुलीच्या जातकुळीतली एक मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडली. तिनंही मालवाहू जहाजच धरलं असणार.

तर देबू. लंडनला मार्था ग्रॅहम यांची पद्धत, न्यूयॉर्कला होझे लिमोन यांची. जर्मनीत पिना बाऊश यांच्या कंपनीत काही काळ. १९७७च्या सुमारास परत आले, तेव्हा खरं म्हणजे फ्लेक्स लावायला हरकत नव्हती. लंडन-रिटर्न, न्यूयॉर्क-रिटर्न, प्रवेश मर्यादित. त्यांनी काय केलं, तर तिशीच्या उंबरठ्यावर केरळात ई. के. पणिक्कर गुरूंकडे कथकली शिकायला बसले. पुन्हा पहिल्या इयत्तेत. गुडघे बाहेर काढून बसायचं कसं, बुबुळं फिरवायची कशी, इथपासून. पुढे गुरुवायूरच्या मंदिरात त्यांनी कथकली सादरही केली. मला त्यांच्या सगळ्या प्रवासातली हीच गोष्ट मोठी वाटते. पिंक फ्लॉइडबरोबरचा कार्यक्रम, पिअर कार्दां यांच्या सांगण्यावरून बोल्शॉयच्या माया प्लिसेत्स्कायासाठी केलेली नृत्यरचना, हुसेन यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटाचं काम, चीनच्या भिंतीवरचा नाच, १९९५चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००७ची पद्मश्री, हे सगळं छापायला बरं. पण जग बघून आलेल्या माणसानं परत येऊन खाली मांडी घालायची, हे आमच्या तालुक्यातल्या क्लासवाल्या सरांना कोणी सांगावं? सरांचं शिकणं एका पावसाळ्यात संपलेलं असतं. त्यानंतर ते फक्त शिकवतात. देबू पुन्हा पुन्हा कुणाचे ना कुणाचे विद्यार्थी होत राहिले. चिंध्या भाराभर गोळा केल्या खऱ्या, पण प्रत्येक चिंधीपाशी वर्षानुवर्षं मुक्काम.

सुरुवातीला इकडच्यांना ते फार विलायती वाटले आणि तिकडच्यांना पुरेसे भारतीय वाटेनात. त्या काळातले त्यांचे काही प्रयोगही अंगावर काटा आणणारे. मेणबत्तीच्या ज्योतीचे चटके घ्यायचे, हातात ब्लेड, रंगमंचाची जमीन जिभेनं चाटायची. मुंबईच्या सुशिक्षित प्रेक्षकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले म्हणे. तुळजापूरच्या प्रेक्षकाला त्यात काही नवल वाटलं नसतं. पेटता पोत अंगावरून फिरवणारे भुत्ये, स्वतःच्या पाठीवर आसूड ओढणारा पोतराज, हे आम्ही शाळेत जाता-येता पाहिलेलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यानं देबूंचा प्रयोग बघून एवढंच विचारलं असतं, "कुठल्या देवाचा म्हणायचा हा?"

पण देबूंची खरी ओळख झाली ती संथपणामुळे. पुढच्या काळात ते इतकं सावकाश हलत, की हात वर गेलेला दिसायचा, जाताना दिसायचा नाही. आणि त्यानंतर गिरक्या. लांब घेराचा झगा, कथ्थकमधून आलेली चक्री, आणि ती मिनिटामागून मिनिटं चाललेली. बघणाऱ्याला वाटावं की याच्या अंगात आलं. तसं ते नव्हतं. नेमक्या क्षणी, नेमक्या दिशेला तोंड करून माणूस थांबलेला असायचा.

अर्थात अंगात येण्याबद्दलही आपण फार घाईनं बोलतो. माझ्या लहानपणी गल्लीत एक आराधी आजी होत्या. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मंगळवारी वारं आलं की केस मोकळे, डोळे मिटलेले, अंगणभर घुमणं सुरू. आम्ही पोरं भिंतीला चिकटून. पण रांगणारं एखादं लेकरू मध्ये आलं की आजींची गिरकी बरोबर वीतभर अलीकडून वळायची. चुलीकडे कधी गेल्या नाहीत, तुळशीला कधी धक्का लागला नाही. देवी अंगात असताना अंगणाचा नकाशा कोण सांभाळत होतं, हे मी आजींना विचारायला हवं होतं. आज वाटतं, ती विद्याच होती. फक्त तिचा क्लास कुणी काढला नव्हता.

शिकवण्याकडे येतो, कारण मला मुळात त्याचंच कुतूहल आहे. देबूंनी शिकवायला घेतले ते विद्यार्थी बघा. कोलकात्यातला 'ॲक्शन प्लेअर्स' हा कर्णबधिर कलाकारांचा गट. चेन्नईच्या क्लार्क स्कूलमधल्या कर्णबधिर मुली. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ, जे कर्णबधिरांसाठीच आहे. नंतर दिल्लीतल्या सलाम बालक ट्रस्टची, रस्त्यावर वाढलेली मुलं. क्लार्क स्कूलच्या मुलींना घेऊन ते २००५ साली मेलबर्नला कर्णबधिरांच्या ऑलिंपिकच्या निमित्तानं गेले. ज्यांना गाणं ऐकू येत नाही त्यांना नाच शिकवायचा, म्हणजे वन-टू-थ्री-फोरवाल्या सरांचं सगळं भांडवल एका झटक्यात बुडालं. पेन ड्राइव्ह खिशात, आणि शिट्टीचा उपयोग शून्य.

मग ताल येतो कुठून? थोडा लाकडी जमिनीतून तळव्यांत येतो. बराचसा मोजण्यातून येतो. प्रत्येकजण आपापल्या पोटात आकडे मोजत असतो आणि सगळ्यांचं मोजणं एकाच चालीनं व्हावं यासाठी महिनेच्या महिने तालीम. आणि उरलेला नजरेतून. शेजारणीचा खांदा उचलला गेला, की आपली पाळी. समोरून एक बोट हललं, की वळायचं. इथं पोरांनी विंगेकडे बघणं ही चूक नाही, बघणं हाच अभ्यास आहे. आमच्या गॅदरिंगमधली मुलं आणि त्या मुली, दोघं बघतच नाचतात. फरक एवढाच, की आमची मुलं पुढची स्टेप काय हे बघतात; त्या मुलींना पुढची स्टेप पाठ असते, त्या बघतात ती वेळ. संथपणाचं गणितही मला इथंच उमगलं. भराभर नाचायला गाणं ओढून नेतं. हात कपाळापर्यंत सोळा मोजून न्यायचा असेल तर ओढणारं कुणी नसतं, तुम्हालाच जावं लागतं. देबू शिस्तीचे कडक म्हणून प्रसिद्ध होते. बिचारी मुलं, म्हणून टाळ्या घेणं त्यांना खपत नसे. नाच म्हणून चांगला असेल तर वाजवा, असा एकूण हिशेब.

मी हे पुस्तकी समजून बोलत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात एका निवासी मूकबधिर शाळेच्या मुलींचा नाच होता. नऊवारी नेसलेल्या, पदराला वेगवेगळ्या रंगांच्या पिना, एकीच्या पायात घुंगरू मोठे तर दुसरीच्या लहान. शेतकरी गीत लागलं. त्यांच्या मॅडम स्टेजच्या पुढ्यात, मातीतच, गुडघ्यांवर बसलेल्या आणि छातीशी धरलेल्या हाताची बोटं हलवत होत्या. दुसरं कडवं सुरू झालं आणि लाईट गेली. स्पीकरनं एक हुंदका दिला आणि तो गप झाला. आता आधीच्या शाळेच्या पोरांची याच ठिकाणी काय गत झाली असती सांगायला नको. ती एकमेकांकडे बघून हसली असती आणि माइकवरच्या गुरुजींनी 'थोडा तांत्रिक बिघाड' म्हटलं असतं. गुरुजींनी तसा माइक हातात घेतलाही. पण मुलींचा नाच चालूच. त्यांच्या बाजूनं काहीच घडलं नव्हतं. उलट आता पहिल्यांदा फळ्यांवरचे पाय ऐकू यायला लागले. वीस पाय, एका वेळी. मोठे घुंगरू, लहान घुंगरू, पुन्हा पाय. हजारभर माणसं, चहावाला, बंदोबस्ताचे पोलीस, सगळे ऐकत होते, आणि ज्यांचं ऐकत होते त्या मात्र मॅडमच्या बोटांकडे बघत होत्या. शेवटी पेरणी झाली, पीक डोलून झालं, मुली वाकल्या. लोकांनी टाळ्यांचा गडगडाट केला. मॅडम उठल्या, लोकांकडे वळल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवून दाखवले, अशी वाजवा म्हणून. निम्म्या लोकांना वाटलं शपथ घ्यायची आहे. पण मग एकेक करत सगळ्या मैदानानं हात वर केले. स्टेजवर पहिल्यांदा हसू फुटलं ते तेव्हा. 

वर केलेल्या हातांची एक जुनी गोष्ट आमच्याकडची आहे. तेर हे गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवता तुडवता नाचले, पायाखाली स्वतःचं लेकरू आलं तरी भान नव्हतं, ही कथा महाराष्ट्रात पोराटोरांना माहीत आहे. त्या आराधी आजींनी ही कथा ऐकली असेल तेव्हा नाक मुरडलं असेल असं मला उगीच वाटतं. पुढं काकांचे हात गेले, आणि पंढरपूरच्या कीर्तनात सगळे टाळी वाजवत असताना काकांनी नसलेले हात वर केले तेव्हा ते परत आले. कथेचा चमत्कार बाजूला ठेवा. टाळी म्हणजे दोन तळहातांचा आवाज नव्हे, हे तेरच्या माणसाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

गोरोबाकाकांची परीक्षा घ्यायची पद्धतही विचार करण्यासारखी. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईनं विचारलं, हे थापटणं कशाचं? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायचं. आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकी सगळे गप्प बसले, नामदेव कुरकुरले, म्हणून नामदेव कच्चे. आजच्या काळात काकांवर पालकांनी मोर्चा काढला असता. पण बारकाईनं बघा, काकांनी एकालाही 'अभंग म्हणून दाखव' म्हटलं नाही. येतं काय हे विचारलंच नाही. ठोका बसल्यावर होतं काय, ते बघितलं. 

मातीचं आणि देबूंचंही नातं निघालंच. बुल्लेशाहच्या मातीवरच्या कवितेवरून त्यांनी 'इटर्नल एम्ब्रेस' ही रचना केली. २०१५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दख्खनच्या सुलतानांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्या निमित्तानं ती तिथं झाली. दख्खनचे सुलतान म्हणजे आमचे नळदुर्ग-परांड्याचेच की! नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. हा राजा गाण्याचा इतका वेडा, की त्यानं संगीतावर ग्रंथ लिहिला. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की धरणाच्या भिंतीवरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आपण भिंतीच्या पोटातल्या महालात कोरडे उभे राहून ते आतून बघतो. देबूंना न्यूयॉर्कच्या संग्रहालयाऐवजी या सज्जात उभं केलं असतं तर, असं मला नळदुर्गला गेलं की हमखास वाटतं. पण १० डिसेंबर २०२० रोजी ते गेले, आणि तसंही सेल्फी काढणाऱ्यांनी त्यांना 'काका, जरा बाजूला' म्हटलं असतं.

आणखी एक चुटपूट आहे ती संबळाची. मणिपुरी पुंग हा ढोल गळ्यात अडकवून, वाजवत वाजवत उड्या मारणारे, हवेत गिरकी घेणारे वादक आहेत. देबूंनी वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काम केलं. 'ऱ्हिदम डिव्हाइन' त्यातूनच उभं राहिलं. मणिपूरला गेलेला माणूस तुळजापूरला का आला नाही? गोंधळी काय कमी असतो? संबळ वाजवतो, गातो, कथा सांगतो, मध्येच झिलकऱ्याशी थट्टा करतो, आणि जांभूळ आख्यानात खांद्यावरचा शेला डोक्यावरून घेतला की त्या क्षणाला द्रौपदी. पुढच्या ठेक्याला तोच शेला कमरेला आवळतो आणि भीम होतो. विद्यापीठात त्याला चार विभाग आणि पाच विभागप्रमुख लागले असते. हे एकट्यानं, रात्रभर, दिवटीच्या उजेडात, समोर निम्मे लोक पेंगत असताना.

ही चुटपूट मी शेवटी ज्याच्या त्याच्या कानावर घालण्यापेक्षा योग्य माणसाच्या कानावर घातली. तुळजापुरात एक म्हातारे संबळवादक ओळखीचे आहेत. गल्ली त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो. ते मला सर म्हणतात. आमच्याकडे चष्मा असला की माणूस सर होतो. मोबाइलवर देबूंचा पुंगवाल्यांबरोबरचा व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला. सुरुवातीला देबू एकटेच, आपल्या नेहमीच्या गतीनं हात उचलत होते. मामांनी मोबाइल हलवून बघितला.

"अडकला का काय हो सर?"

"नाही मामा, त्यांचा नाचच तसा सावकाश आहे."

"आसं व्हय." ते बघत राहिले. पुंगवाले आले, उडाले, ढोलावरचा हात न चुकता खाली टेकले. मामांचं बोट मांडीवर चालू झालं. एक उडी त्यांनी मागं घेऊन पुन्हा बघितली. "च्यामारी, हे उडायलेत आन् ताल सुटंना. आमचं बेणं बसून वाजवतंय तरी सुटतोय." बेणं म्हणजे त्यांचा नातू. तो भिंतीला टेकून स्वतःच्या मोबाइलमध्ये होता. मग देबूंच्या गिरक्या सुरू झाल्या. मामा पुढं झुकले. "सर, पाय बघा ह्याचा. गोल फिरायलाय, पण पाय जागा सोडंना." आणि नातवाला हाक मारली, "आरं, हितं ये. बघ."

नातवानं दोन सेकंद बघितलं. "आबा, इफेक्ट टाकलाय. स्लो-मोशनचा."

"आन् गरगर फिरायलाय ते?"

"ते पण ॲपमधी हुतंय."

"मग बिनइफेक्टचं तू फिरून दाव की."

पोरगं हसत उठलं. वयाच्या हिशेबानं अंग हलकं, पहिल्या दोन गिरक्या झोकात गेल्या. तिसरीला कोपर खांबाला लागलं, चौथीला पाय चहाच्या ट्रेत. सूनबाई आतून धावत आल्या. कप फुटला नव्हता, चहा मात्र सगळा सतरंजीवर. मामांनी मोबाइलवरची नजर काढली नाही.

"सांडू दे गं. दुसरा टाक," ते सुनेला म्हणाले, आणि नातवाला म्हणाले, "तू हात लई हलिवलास. खांबाच्या पल्याड हो. पुन्यांदा."